मुलगा १६ वर्षांचा, खिशात सिगरेट वळायचा कागद सापडला. गांजा असेल का, आणि विचारायचं कसं?

अनगोळची_आई:
नमस्कार सगळ्यांना. नाव सांगत नाही समजून घ्या, आमच्या बेळगावच्या अनगोळात एकाच्या घरात भांडं पडलं की चार गल्ल्यांत ऐकू जातंय. मोठा मुलगा १६ चा, फर्स्ट पीयू (म्हणजे अकरावी) सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम, एसएसएलसीला मार्क चांगले पडले म्हणून हौसेनं सायन्स घेतलं. गणपतीनंतर मात्र पोरगं पार बदललंय. आधी बहिणीशी दिवसभर दंगा असायचा, आता खोलीचं दार लावून बसतो, जेवायला हाक मारली की खेकसतो आणि रात्री अकराला उठून भाताचं पातेलं रिकामं करतो. डोळे लाल असतात, विचारलं तर मोबाईलमुळं म्हणतो. दप्तरात डोळ्यात घालायच्या ड्रॉपची बाटली, खोलीत अगरबत्तीचा वास (हा कधी देवापुढं उभा न राहणारा!) आणि परवा पॅन्ट धुवायला काढली तर खिशात पातळ कागदाचं छोटं पाकीट, सिगरेट वळायला वापरतात तसलं. माझ्या पर्समधले पैसेपण कमी होतात असं वाटायलंय पण खात्री नाही. जुन्या मित्रांचं नाव काढत नाही, नवीन दोघं येतात ते गाडीवरून उतरतच नाहीत, खालनंच हॉर्न मारतात.
मिस्टर उद्यमबागला फौंड्रीत आहेत. त्यांना सांगितलं तर आधी हात उठणार. आणि खरं सांगायचं तर शनिवारी त्यांचं स्वतःचं बसणं असतंच मित्रांबरोबर. दीर म्हणतात तीन महिने एखाद्या केंद्रात टाका. जाऊबाई कुठली तरी पावडर आणून देते म्हणते, आमटीत मिसळायची, पोराला कळत पण नाही म्हणे. मला काहीच सुचेना झालंय. हे गांजाच आहे का हे ओळखायचं कसं, त्याला विचारायचं कसं, आणि डॉक्टरकडं नेलं तर पोलीस केस होते का? कुणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

शहापूरचा_अप्पा:
वहिनी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या बाबांनी कमरेचा पट्टा काढला की अख्ख्या गल्लीतल्या पोरांची व्यसनं जायची. आजकाल पोरांना डोक्यावर बसवून ठेवलंय. मोबाईल काढून घ्या, गाडीची चावी काढून घ्या, दोन ठेवून द्या, ताळ्यावर येतंय बघा. आणि हे सगळं गोव्यास्नं येतंय, चोर्ला घाट उतरलं की काय पाहिजे ते मिळतंय. त्या हॉर्नवाल्या पोरांबरोबर तिकडं सोडूच नका.

मेडिकलवाला_टिळकवाडी:
ताई, मी डॉक्टर नाही, काउंटरवर बसणारा माणूस आहे, पण रोज पोरं बघतो म्हणून लिहितो. तुम्ही जे सांगितलंय त्यात सगळ्यात वजनदार गोष्ट तो कागद आहे. बाकी लाल डोळे, चिडचिड, दार लावणं, रात्री खाणं हे सगळं सोळाव्या वर्षी दुसऱ्या शंभर कारणांनी पण होतंय. जागरण, प्रेमप्रकरण, नापास व्हायची भीती. पैसे गेले तर ऑनलाईन गेमवर लावलेले पण असू शकतात, ते आता फार झालंय. म्हणून एकेका खुणेवरनं निकाल देऊ नका, दोन-तीन महिन्यांत किती गोष्टी एकदम बदलल्या ते बघा. झोप, मित्र, मार्क, पैसा, अंघोळ-कपडे, खोटं बोलणं, हे सगळं एकाच वेळी घसरायलंय का. तुमच्या घरात तसं दिसायलंय म्हणून दुर्लक्ष करू नका एवढंच.

गांजाची म्हणाल तर डोळे लाल, तोंड कोरडं, मग भूक प्रचंड, उगीच हसणं नाहीतर एकदम सुस्त, कपड्याला जळक्या पाल्यासारखा वास. ड्रॉप आणि अगरबत्ती त्याच्यासाठीच असते, तुमचा अंदाज बरोबर दिशेनं चाललाय. पण फक्त गांजाच शोधत बसू नका. हल्ली पेनड्राईव्ह किंवा हायलायटरसारखं दिसणारं काय तरी सापडलं आणि त्याला गोड फळासारखा वास आला तर तो व्हेप, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगरेट. त्याच्यावर २०१९ पासून देशभर बंदी आहे, तरी पोरांच्या हातात दिसतंय. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, नाव खरवडलेली गोळ्यांची पानं, हे पण बघा. कोडीन, अल्प्राझोलॅम, ट्रॅमाडॉल असली औषधं शेड्यूल एच-वन नावाच्या कडक यादीत आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि आम्हाला वेगळ्या रजिस्टरला पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. सगळे ठेवतात असं मी म्हणणार नाही. घरात आजी-आजोबांच्या झोपेच्या गोळ्या असतील तर मोजून कुलपात ठेवा, कितीतरी पोरांची सुरुवात त्या पानातनं होते आणि घरच्यांना वाटतं म्हातारी दोनदा गोळी खाते.

अजून एक. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन, थिनर. हे धाकट्या पोरांत जास्त. २०१९ च्या सरकारी सर्वेत, जो दिल्लीच्या एम्सनं केला होता, त्यात हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के आणि लहान मुलांत १.१७ टक्के निघालं होतं, म्हणजे दुप्पट. ही एकच नशा मुलांत मोठ्यांपेक्षा जास्त सापडली. बाहीला वास, रुमालावर डाग, नाकाभोवती चट्टे उठतात. पोरगं हुंगताना सापडलं तर ओरडत पाठीमागं धावू नका. त्या वेळी घाबरून पळालं तर हृदयाचे ठोके बिघडून जागच्या जागी जीव जाऊ शकतो, पहिल्याच वेळी पण. शांतपणे हातातलं काढून घ्या, खिडकी उघडा, बसवा.

आणि ती पावडर. ताई, अजिबात नको! हात जोडून सांगतो. असल्या पुड्यांत काय असतं ते कुणी लिहीत नाही. दारू सोडवायला डायसल्फिरम नावाची खरी गोळी असते, पण ती पेशंटला सांगून, तपासण्या करून देतात, कारण ती पोटात असताना दारू प्यायली तर तोंड लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली. न सांगता आमटीत घातली आणि माणूस बाहेर जाऊन प्यायला तर काय होईल विचार करा. आणि गांजाला तर ती गोळी लागूच नाही.

निपाणीचा_तंबाखूवाला:
अप्पा, गोव्याचं सोडा की जरा. आमच्या निपाणीत तंबाखूवर तीन पिढ्या जगल्या, वखारीत काम करून आयांनी पोरं शिकवली, त्यामुळं तंबाखूला मी शिव्या देणार नाही, माझं घर त्याच्यावरच उभं आहे. पण पोरगं नशेला कुठनं सुरुवात करतंय हे मी डोळ्यांनी बघतोय. आठवीत मावा, टपरीवर घोटून प्लास्टिकच्या पुडीत. मग मित्राची सिगरेट. मग शिवजयंतीच्या चित्ररथाच्या रात्री नाहीतर विसर्जनाला डीजेपुढं नाचताना कुणीतरी मोठा दादाच बाटली पुढं करतो, "घे रे, आता मोठा झालास की." तो दादा आपल्याच गल्लीतला, मंडळाची वर्गणी मागायला येणारा. गोव्याला जायची गरजच नाही बघा.
आणि ताई, मिस्टरांचं शनिवारचं बसणं तुम्ही एका ओळीत उरकलंय पण पोरगं ते रोज मोजत असतंय. बापानं पिऊन दिलेला उपदेश पोराला जोक वाटतो. बाकी कायदा सांगतो, कारण लोकांना माहीतच नाही. १८ च्या खालच्या पोराला दारू, तंबाखू किंवा कुठला पण अमली पदार्थ देणं हा बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कर्नाटकात २०२५ पासून तंबाखू २१ च्या खाली विकता येत नाही आणि शाळा-कॉलेजच्या १०० मीटरात विकता येत नाही. तुमच्या कॉलेजच्या गेटसमोर टपरी आहे का ते बघा आणि चार-पाच पालक मिळून अर्ज द्या, एकट्यानं दिला तर फाईलीत जातो.

शहापूरचा_अप्पा:
म्हणजे आता पोराच्या गांजाला पण बापच जबाबदार. बरं.

मास्तर_नंदगड:
अप्पा, तसं कुणी म्हटलेलं नाही. मी मराठी शाळेत शिकवतो, मला दुसरंच एक दिसलं या पोस्टमध्ये, ते कुणी धरलं नाही. दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि एकदम पीयू सायन्स. आमची कितीतरी हुशार पोरं इथंच कोलमडतात. दहावीत वर्गात पहिला असणारा मुलगा पीयूत जाऊन बसतो, फिजिक्स-केमिस्ट्री सगळं इंग्लिशमध्ये, आजूबाजूला कन्नड आणि इंग्लिश बोलणारी पोरं, सर प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर येत असून तोंड उघडत नाही. पहिल्या टेस्टला मार्क निम्म्यावर. घरी सांगायची सोय नाही कारण घरच्यांनी अख्ख्या भावकीत पेढे वाटलेत. मग तो मागच्या बेंचवर जातो, मागच्या बेंचवरचे लोक त्याला आपलं म्हणतात, आणि त्यांच्याकडं कॉलेज बुडवून राजहंसगडाला नाहीतर राकसकोपला जायचा प्लॅन तयारच असतो. खेड्यातनं बसच्या पासवर येणाऱ्या पोरांचं तर अजून सोपं, घरी वाटतं कॉलेजला गेला, कॉलेजला वाटतं बस चुकली.
म्हणून आधी कॉलेजात जाऊन हजेरी बघून या. पण त्याला सांगून जा, चोरून नको. आणि मार्क गेले असतील तर त्याच्यावर आधी बोला, गांजावर नंतर. मूल नशा का करायलंय हे न बघता नुसती नशा काढून घेतली तर रिकामी जागा तशीच राहते आणि तिथं दुसरं काहीतरी येऊन बसतं. मराठीतनं समजावून सांगणारा एखादा सीनियर किंवा ट्यूशनवाले सर मिळाले तरी मोठा फरक पडतो. आणि आधी तो काय खेळत होता? आमच्याकडं तालमीत जाणारी पोरं परत तालमीत पाठवली की निम्मी लायनीवर येतात, कारण पहाटे पाचला उठायचं असलं की रात्री बाहेर थांबता येत नाही आणि वस्तादाची नजर आईपेक्षा तिखट असते.

सेकंड_पीयू_पास:
काकू मी आत्ता १९ चा आहे, बेळगावातच डिग्रीला. मोठे लोक काय काय लिहायलेत, पोरांकडनं एक सांगू का. पहिल्यांदा कुणी विकत घेत नाही, फुकट मिळतं. कुणाच्या तरी बर्थडेला, गच्चीवर. नाही म्हटलं तर कुणी मारत नाही, फक्त पुढच्या वेळी बोलवत नाहीत, आणि सोळाव्या वर्षी ते मारण्यापेक्षा वाईट वाटतं. माझा एक दोस्त त्यातनं बाहेर आला तो कसा तर त्याच्या मामानं त्याला सांगितलेलं, कुठं पण अडकलास, कितीही वाजता, नुसता मिसकॉल दे, मी फोन करून शिव्या घालतो की लगेच घरी ये, तू मित्रांना सांग मामा पेटलाय. म्हणजे निघायला बहाणा मिळाला, इज्जत पण राहिली. आणि घरी आल्यावर मामा त्या रात्री एक शब्द बोलायचा नाही, दुसऱ्या दिवशी बोलायचा. तुमच्याकडं असा कुणी मामा असेल तर बघा. मिस्टरांच्या आधी मामाला सांगा असं माझं मत.
आणि खोली तपासत बसू नका प्लीज, दोन दिवसांत कळतं त्याला, मग सगळं मित्राच्या घरी ठेवतो.

अनगोळची_आई:
मामा आहे, खानापूरला. बरं सुचवलंस बाळा. पण मला एक सांगा, मेडिकलमध्ये लघवीची टेस्ट मिळते म्हणतात ती चोरून करून बघू का? खात्री तर होईल.

मेडिकलवाला_टिळकवाडी:
किट मिळतं, पण माझं मत करू नका. गांजाचा अंश कधीतरी ओढणाऱ्याच्या लघवीत तीन-चार दिवस सापडतो, रोज ओढणाऱ्याच्या काही आठवडे. म्हणजे पॉझिटिव्ह आलं तरी कधी ओढला, किती ओढला ते कळत नाही, निगेटिव्ह आलं तर तुम्ही निर्धास्त होणार आणि तो व्हेप ओढत असेल. आणि चोरून केलेलं कळलं की पोरगं पुढं खरं बोलायचं बंद होतं. डॉक्टरनं त्याला विचारून केली तर गोष्ट वेगळी.

सिस्टर_खानापूर:
मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, सायकियाट्री वॉर्डला काम केलंय आधी, म्हणून थोडं लांब लिहिते. ताई आधी तुमचा पोलिसांचा प्रश्न, कारण निम्मे लोक त्या भीतीनंच येत नाहीत. उपचाराला आलेल्या मुलाची आम्ही पोलिसांना वर्दी देत नाही. केसपेपर निघतो, तो गोपनीय असतो. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातच कलम ६४अ आहे, अगदी केस झालेला माणूस जरी थोड्या मालासह किंवा सेवनासाठी सापडलेला असेल आणि स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार असेल तर त्याला खटल्यातनं सूट मिळू शकते. १८ च्या खालच्यांचं तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडं जातं, लॉकअपमध्ये ठेवत नाहीत. याचा अर्थ काळजीच नको असा नाही, मित्राची पुडी दुसरीकडं पोचवून दे म्हणून पोरांना वापरतात आणि तिथं मामला फार वेगळा होतो. हे त्याला साध्या शब्दांत सांगा, तू ओढतोस की नाही हे बाजूला राहू दे, पण कुणाचं पार्सल नेऊ नकोस.

विचारायचं कसं. तो तारेत असताना नाही, मिस्टर प्यायलेले असताना नाही, पाहुणे असताना नाही. समोरासमोर बसवून कोर्टासारखं पण नाही. भाजी निवडताना, गाडीवर मागं बसून जाताना, असं कुठंतरी. "तू गांजा ओढतोस का" असं विचारलं की "नाही" येणार, तिथं दार बंद. त्यापेक्षा जे बघितलंय तेच सांगा, "मला तुझ्या खिशात हा कागद मिळाला, तू आता बहिणीशी बोलत पण नाहीस, मला भीती वाटायल्या." आणि गप्प बसा. हे गप्प बसणं आयांना सगळ्यात अवघड जातं. तो चिडेल, उठून जाईल, चालतंय. दोन दिवसांनी परत. त्यानं कबूल केलं तर त्या क्षणी शिक्षा नको, नाहीतर पुढचं कधीच सांगणार नाही. नियम मात्र ठेवायचे, रात्री किती वाजता घरात, पैसे कशाला पाहिजेत ते सांगून घ्यायचे, आणि गांजा ओढून गाडी चालवायची नाही याच्यावर तडजोड नाही.

अप्पा, मारायचं म्हणाल तर मार खाल्लेली पोरं पण वॉर्डात येतात, फक्त दोन वर्षं उशिरा येतात. आणि लवकर येण्याला अर्थ असतो कारण मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. गांजा ओढणाऱ्यांत साधारण दहात एकाला सवय जडते असं धरतात, पण विशीच्या आत सुरुवात केलेल्यांत सहात एकाला. घरात कुणाला मानसिक आजार असेल तर धोका अजून वाढतो. मुलगा एकटाच बडबडत असेल, कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवलीय म्हणत असेल, मरायचं बोलत असेल तर मग विचारत बसू नका, त्याच दिवशी घेऊन या.

केंद्राचं. तीन महिने टाका हे इतकं सोपं नसतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं १८ च्या खालच्या मुलाला अॅडमिट करणं हा शेवटचा उपाय आहे, तेव्हा पण घरचं मोठं माणूस सोबत राहायला पाहिजे, आणि साखळीनं बांधणं तर कुणालाच चालत नाही. जिथं भेटायला देत नाहीत, डॉक्टरचं नाव सांगत नाहीत, आतनं ओरडायचा आवाज येतो तिथं जाऊ नका. सोळा वर्षांच्या बहुतेक मुलांना ओपीडी आणि समुपदेशन पुरतं. बेळगावात बिम्सला (सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना) मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आजारांची सरकारी संस्था आहे. मराठीतनं बोलायचं असेल तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून याच कामात आहे. घरबसल्या आधी बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठी निवडता येतं. व्यसनासाठी वेगळा नंबर १४४४६. मुलाला न सांगता आधी तुम्ही स्वतः फोन केला तरी चालतो, पालकांसाठी पण तो आहे.

एक शेवटचं, मिस्टर रोज भरपूर घेत असतील तर या भांडणात त्यांना एकदम "आजपासून बंद" करायला लावू नका. रोज पिणाऱ्यानं अचानक सोडली की एक-दोन दिवसांत थरथर, फिट येऊ शकते. फक्त शनिवारीच असेल तर तसं नाही, पण खरोखर फक्त शनिवारीच आहे का ते त्यांनाच विचारा. दोघांना एकाच केसपेपरच्या लायनीत आणलेली घरं मी बघितल्यात.

शहापूरचा_अप्पा:
सिस्टर, पट्ट्याचं माझं मत अजून तेच आहे. पण तो पार्सलचा मुद्दा पटला. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकतो. यंदा मिरवणुकीत १८ च्या खालच्याला बाटली देणारा दिसला तर त्याचं नाव पावतीपुस्तकातनं काढायचं असं पण मांडतो, बघू कोण कोण गप्प बसतंय ते.

निपाणीचा_तंबाखूवाला:
मांडा मांडा. आधी अध्यक्षांपासून सुरुवात होईल बघा 😄

अनगोळची_आई:
सगळ्यांचे आभार. काल गाडीवर बोलले, जसं सिस्टरांनी सांगितलं तसं. बराच वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला केमिस्ट्रीत नापास आहे. कागदाचं काही बोलला नाही. मी पण परत विचारलं नाही. मामा रविवारी येतोय. सिस्टर, तो तयार झाला तर पहिल्यांदा येताना काय काय घेऊन यायचं, आणि ते मला आत बसू देतात की त्याला एकट्यालाच बोलावतात?

सिस्टर_खानापूर:
आधार कार्ड आणा, आधीची कुठली गोळी चालू असेल तर तिची चिठ्ठी आणा. ड्रॉपची बाटली पण आणा, पण त्याला सांगून. पहिली थोडी वेळ दोघांना एकत्र बसवतात, मग डॉक्टर त्याच्याशी एकटं बोलतात. तेव्हा तुम्ही बाहेर बसा, दाराला कान लावू नका, आणि बाहेर आल्यावर काय विचारलं म्हणून लगेच उलटतपासणी नको. सकाळी लवकर या, ओपीडीत नंबर लागायला वेळ जातो, आणि त्याला खायला घालून आणा, उपाशी पोरं बाहेर थांबून थांबून चिडतात आणि निघून जातात.